बोहुमिलच्या नावाची गोधडी

डेल्फीन गुड प्लमच्या घरात वर्षभर कुणी मोकळेपणाने हसलं नव्हतं, आणि त्या घराला ते मुळीच शोभत नव्हतं. अमेरिकेतल्या आयर्न क्रीकच्या लाकोटा आदिवासी वस्तीत गुड प्लमांकडे गेलं की आधी टर उडणार, मग कॉफी मिळणार आणि निघताना हातात काहीतरी खायला पडणार, हे ठरलेलं. पण गेल्या ऑगस्टात विल्मर गेला. त्याच्या बायकोने, म्हणजे डेल्फीनने, रीतीप्रमाणे केस कापले, नाचाच्या मेळ्यांना जाणं सोडलं आणि मागच्या खोलीत शिवणयंत्र मांडून ती गोधड्या शिवायला बसली.

वर्ष भरलं की वाटप असतं. सगळ्या वस्तीला जेवू घालायचं आणि वर्षभर राबून जे जमवलं ते सगळं वाटून टाकायचं. दुःखात ज्यांनी हात दिला त्यांना आधी, मग बाकीच्यांना. घरच्यांनी द्यायचं, पाहुण्यांनी घ्यायचं. घरच्या माणसाच्या हाती त्या दिवशी चमचासुद्धा लागत नाही. वाटप झाल्यावर ज्याच्या घरात बसायला खुर्ची उरली, त्याच्याकडे लोक जरा संशयाने बघतात.

डेल्फीनच्या एकतीस गोधड्या झाल्या होत्या. प्रत्येकीच्या मधोमध आठ टोकांची चांदणी, शंकरपाळ्यांसारखे तुकडे जोडून केलेली, आणि कोपऱ्यात टाचणीने लावलेली नावाची चिठ्ठी. तिच्या टाक्यांचं तालुक्यात नाव होतं. त्या टाक्यांना नावं ठेवायची हिंमत एकट्या रमोनाची, कारण रमोना तिची नणंद होती आणि तिला तो हक्कच होता.

लाकोटांमध्ये नात्यागणिक बोलायची तऱ्हा ठरलेली. बहिणीने भावाशी मान राखून, जपून बोलायचं. सासूने आणि जावयाने एकमेकांशी बोलायचंच नाही, आणि त्या एका नियमाने किती संसार वाचले असतील देव जाणे. पण नणंद-भावजय, दीर-भावजय यांनी मात्र एकमेकांना सळो की पळो करून सोडायचं. ती हौस नाही, कर्तव्य आहे. रमोना आणि डेल्फीन एकमेकींचा अपमान न करता भेटल्या तर बघणारे विचारायचे, काय हो, काही बिनसलं का?

त्या बुधवारीही रमोना सकाळी सकाळी आली, स्वतःच कॉफी ओतून घेतली आणि गोधड्यांच्या ढिगापुढे बसली.

"ही चांदणी आहे का गं वहिनी? मला वाटलं, कोळी चिरडलाय कुणीतरी."

"हं," डेल्फीन म्हणाली.

"आणि ही निळी? डोळे मिटून शिवलीस?"

"असेल."

रमोनाने कप खाली ठेवला. वर्षभर ती हे असं रोज करून बघत होती, आणि रोज हीच 'हं' आणि 'असेल' ऐकून घरी जात होती. एके काळी ह्याच भावजयीने भर लग्नात, माइकवर, रमोनाच्या नाचण्याची तुलना चिखलात रुतलेल्या पिकअपशी केली होती. तो अपमान आठवून रमोनाला आता गलबलून यायचं.

ती चिठ्ठ्या वाचू लागली. विल्मरला डायलिसिसला नेणारी लुएला, पाद्री, थडग्याचा खड्डा खणणारे दोघं भाऊ. पाचवी गोधडी पिवळी-निळी होती, सगळ्यांत देखणी. तिच्यावरचं नाव वाचून रमोना थांबली.

"बोहुमिल? बोहुमिलला गोधडी देतेस?"

"येतोय उद्या. इतक्या लांबून येणार. रिकाम्या हाताने पाठवू?"

"म्हणजे तो पाहुण्यांत."

"मग कशात?"

"विल्मर त्याला भाऊ म्हणायचा."

"म्हणायचा," डेल्फीन म्हणाली. "रीतसर भाऊ करून घेऊ म्हणायचा, सगळ्यांसमोर. पुढच्या उन्हाळ्यात करू. तीस वर्षं तो पुढचा उन्हाळा काही उगवला नाही. आता त्याने अर्धवट सोडलेलं मी पुरं करू? अंगणातली ती गाडीसुद्धा अर्धवटच आहे त्याची."

रमोनाने खिडकीतून पाहिलं. गाडी अंगणात होती, चार विटांवर.

बोहुमिल होता चेक, प्रागपासून दोन तासांवरच्या एका गावातला. धंद्याने कवळ्या करणारा. आठ वर्षांचा असताना आजोबांच्या माळ्यावर त्याला एक पुस्तक सापडलं, त्यात घोड्यांवर बसलेली लाकोटा माणसं होती, आणि हा गडी जो त्या पानांत शिरला तो बाहेर आलाच नाही. पंधराव्या वर्षी त्याने चित्रावरून कातड्याचा सदरा शिवला. तिथल्या कम्युनिस्ट सरकारला कसलाच सदरा मानवत नव्हता, तरी दर उन्हाळ्यात हा मित्रांबरोबर जंगलात कातडी तंबू ठोकून राहायचा. शब्दकोश पाठ करून भाषा शिकला. देशाचे दरवाजे उघडले आणि एक्क्याण्णव साली, चाळिशीला टेकलेला असताना, तो आयर्न क्रीकला येऊन थडकला.

त्या दिवशी चाळीस डिग्री ऊन होतं. गुड प्लमांच्या अंगणात हा तो सदरा घालून उभा, मणी लावलेला, झालरीवाला, आणि कपाळावरून घामाच्या धारा. विल्मर गाडीखालून बाहेर आला. पाहुण्याने छातीवर हात ठेवून त्यांच्याच भाषेत भाषण सुरू केलं, पण कुठली ती भाषा! डेल्फीनच्या पणजीची पणजीसुद्धा घरात असं बोलली नसेल. "हे थोर गोत्राच्या धन्या, मी दूरच्या जलाशयापलीकडून तुमच्या धुरापाशी आलो आहे." विल्मर टी-शर्टला ग्रीस पुसत शांतपणे म्हणाला, "बरं झालं. तो दहा नंबरचा पाना दे इकडे."

डेल्फीन स्वयंपाकघरात गेली, फ्रीज उघडला आणि त्यात डोकं घालून पोटात दुखेपर्यंत हसली. मग तोंड पुसून बाहेर आली आणि अगदी अदबीने म्हणाली, "या, बसा. कॉफी घ्याल?"

ती अदब तिथून जी चिकटली ती सुटलीच नाही. बोहुमिल दर उन्हाळ्याला आला, घरामागच्या ट्रेलरमध्ये महिनाभर राहिला, पण डेल्फीन त्याला 'अहो बोहुमिल' म्हणत राहिली आणि तो तिला 'डेल्फीनबाई'. त्याच्या पाठीमागे वस्तीतल्या बायका त्याच्या नकला करायच्या, डेल्फीन सगळ्यांत सुरेख करायची. तोंडावर मात्र कधी नाही. त्याला कारण होतं. बोहुमिलच्या खिशात कायम एक वही असायची, आणि कुणी काहीही बोललं की तो ती काढून लिहायचा. गोष्टी लिहायचा, पाककृती लिहायचा, एकदा तर कुत्र्याला हाकललेलं लिहून घेतलं. जो माणूस थट्टा वहीत उतरवून घेतो, त्याची थट्टा करायची कशी?

"तू त्याला एकदा तरी मूर्ख म्हणालीस का?" रमोनाने दारातून विचारलं.

"पाहुण्याला कसं म्हणणार?"

"मी तर म्हणूच शकत नाही. विल्मरचा भाऊ म्हणजे माझाही भाऊ, मला मान राखणं भाग आहे. ते काम तुझं होतं, वहिनी. तीस वर्षं त्या बिचाऱ्याला कुणी शिवी म्हणून घातली नाही."

डेल्फीनने यंत्राचं पेडल दाबलं आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.

बोहुमिल गुरुवारी दुपारी आला. बहात्तर वर्षांचा, टक्कल पडलेला, पोट सुटलेला. सदरा आता अंगात शिरत नव्हता म्हणून साध्या चौकड्याच्या शर्टात. भाड्याच्या गाडीतून त्याने दोन भल्यामोठ्या पेट्या उतरवल्या, त्या धापा टाकत मागच्या खोलीत आणल्या आणि डेल्फीनच्या हातावर नुसता हात ठेवून उभा राहिला. भाषण नव्हतं. डोळे पुसून झाल्यावर त्याने पेट्या उघडल्या.

आत सगळं वाटपातलं होतं. तीस वर्षांत गुड प्लमांनी आणि वस्तीतल्या इतरांनी त्याला जे जे दिलं ते ते. अकरा गोधड्या, ब्लँकेटं, टॉवेल, कॉफीचे कप, कुणाच्या तरी पदवीदानाला छापलेले टी-शर्ट, एक निळं प्लास्टिकचं टोपलं. आणि प्रत्येक वस्तूला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. टोपल्याची चिठ्ठी डेल्फीनने उलटून वाचली. 'क्रमांक बेचाळीस. जुलै १९९६. डेल्फीनबाईंकडून.' टोपल्यावर दुकानाचं लेबल जसंच्या तसं होतं.

"हे वापरलं नाहीत?"

"नाही, नाही!" तो अभिमानाने म्हणाला. "एक ओरखडासुद्धा नाही. कपाट खास करून घेतलं. काचेचं."

डेल्फीनने सर्वांत खालची गोधडी ओढून काढली. तांबडी-काळी. पहिल्या वर्षी दिलेली. तिच्या हातची चौथी की पाचवीच असेल, टाके अजून जरा भरकटणारे. घडीवर घडी तशीच होती. त्या वर्षी मुलगी आजारी होती आणि डेल्फीनने ती तिच्या उशाशी बसून शिवली होती. तुमच्याकडे थंडी असते ना, म्हणून दिली होती.

"ही पांघरलीत कधी?"

"पांघरली? छे! एवढी मोलाची..."

"मग थंडीत काय पांघरता?"

"दुकानातलं. साधं एक."

डेल्फीनच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभरात ती इतकी तापली नव्हती, आणि त्याचं तिलाच नवल वाटलं.

"विल्मरला तुम्ही दात दिलेत," ती म्हणाली. "दिलेत की नाही? तीनदा करून दिलेत. त्याने कपाटात ठेवले? एकोणतीस वर्षं त्या दातांनी मांस खाल्लं त्याने. नातवंडांना हसवायला काढून दाखवले, एकदा नदीत पाडले, पुन्हा शोधून काढले, आणि शेवटी ते तोंडात घालून मातीत गेला. देणं म्हणजे ते असतं. आणि आम्ही दिलेलं तुम्ही काचेत ठेवता? मेलेल्या पाखरासारखं?"

बोहुमिलने वहीसुद्धा काढली नाही. तांबड्या-काळ्या गोधडीवरची चिठ्ठी तो बोटांनी चाचपत राहिला.

"मला उशिरा कळलं," शेवटी तो म्हणाला. "विल्मर गेल्याचं पत्र आलं तेव्हा कपाटापुढे बसलो होतो. वाटलं, पुस्तकात सगळं वाचलंय मी, आणि केलंय नेमकं उलटं. म्हणून सगळं घेऊन आलो, डेल्फीनबाई. शनिवारी वाटून टाकायला. विल्मरच्या नावाने. म्हणजे, तुमची परवानगी असेल तर मला तुमच्या बाजूला..."

आणि तो थांबला. त्याची नजर तिच्या गोधड्यांच्या ढिगावर गेली होती. पिवळी-निळी वरच होती, आणि चिठ्ठीवर डेल्फीनच्या ठसठशीत अक्षरात त्याचं नाव होतं. पाहुण्यांच्या ढिगात.

"माझ्या बाजूला काय?" डेल्फीनने विचारलं, जरी तिला नीट समजलं होतं.

"काही नाही. फार सुंदर झाली आहे," तो म्हणाला. "फार आभारी आहे."

त्याने पाहिलं हे तिने पाहिलं. मग तिने त्याला कॉफी दिली, सोबत तळलेला पाव दिला, साखर हवी का म्हणून विचारलं. इतक्या अदबीने ती आयुष्यात कुणाशी वागली नव्हती, आणि तो ट्रेलरकडे गेल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

शुक्रवारी सगळी वस्ती रांधण्यात गुंतली. समारंभाच्या हॉलच्या मागे मोठाल्या पातेल्यांत गोमांसाचं सूप चढलं, चोकचेरीची रानफळं शिजवून त्यांचा घट्ट गोड वोजापी होऊ लागला. बोहुमिल बाहेर बाकड्यावर बसून रानटी शलगम सोलत होता. लांब साल एका धाग्यात काढायची जुनी तऱ्हा पुस्तकातून शिकलेला, त्यामुळे तिथे त्याच्याइतकं सुबक सोलणारं कुणी नव्हतं आणि त्याच्याइतकं हळूही. वही मात्र आत टेबलावर राहिली होती. दुसऱ्याची वही वाचू नये हे रमोनाला ठाऊक होतं. वाचायला मिळावी म्हणून ती तीस वर्षं थांबली होती हेही तितकंच खरं.

"वहिनी, इकडे ये," ती दबक्या आवाजात म्हणाली. "ही मागची पानं बघ."

पुढची पानं चेकमध्ये होती. मागची मात्र त्याच्या त्या पणजोबांच्या लाकोटात, सरावासाठी म्हणून असावी. वर मथळा होता: 'वहिनीसाठी उत्तरे'. वहीनंतर वही त्याने ती यादी नव्याने उतरवून काढलेली दिसत होती.

रमोना वाचू लागली. "चौऱ्याण्णव. 'ती माझ्या नाकाबद्दल बोलली तर म्हणायचं: वहिनी, तुमचं सूप हुंगून हुंगून ते एवढं वाढलं.' नव्व्याण्णव. 'केस गेले त्याबद्दल बोलली तर म्हणायचं: इथला वारा चोर आहे, म्हणून घरीच ठेवून आलो.' अगं, हे बरं आहे की. दोन हजार सात. 'पोटाबद्दल बोलली तर: हे माझं नाही, तुमच्या तळलेल्या पावाचं आहे, मी नुसता सांभाळतो.'"

प्रत्येक उत्तरापुढे एक रिकामा चौकोन होता. वापरलं की खूण करायला. एकाही चौकोनात खूण नव्हती.

"दर वर्षी तयारी करून यायचा गं हा," रमोना म्हणाली. "आणि तू त्याला साखर हवी का विचारायचीस."

डेल्फीन हसली नाही. "शेवटचं काय आहे?"

रमोनाने पान उलटलं. गेल्या वर्षाची तारीख होती, आणि खाली उत्तर नव्हतं, फक्त दोन ओळी. रमोनाने त्या वाचल्या आणि वही डेल्फीनपुढे सरकवली, मोठ्याने वाचवेना तिला.

'विल्मर गेला. आता मी तिचा कोण?'

खिडकीतून बोहुमिल दिसत होता. सालीचा लांब धागा न तुटता निघाला म्हणून तो कुणाला तरी दाखवायला इकडेतिकडे बघत होता, आणि जवळ कुणीच नव्हतं. डेल्फीनला विल्मरचा राग आला, जिवंत असताना कधी आला नाही एवढा. पुढचा उन्हाळा म्हणे! मग स्वतःचा आला. विल्मरने निदान त्याला पहिल्या दिवशी पाना तरी मागितला होता. तिने तीस वर्षांत काय मागितलं त्याच्याकडे? ती डोळे पुसत सुपाकडे गेली आणि त्यात गरजेपेक्षा दुप्पट मीठ टाकून आली.

शनिवारी हॉल खचाखच भरला. प्रार्थना झाली, ढोल वाजला, विल्मरबद्दल चांगलं बोलून झालं आणि मग खरं खरं बोलून झालं. वडीलधाऱ्यांनी डेल्फीनचे डोळे पुसले, केस विंचरले, तिला पाणी पाजलं. शोक संपला, आता लोकांत ये, असं सांगितलं. डेल्फीनने मान डोलवली. लोकांत यायचं कसं ते मात्र तिला अजून सुधरत नव्हतं.

जेवणं उरकल्यावर वाटप सुरू झालं. गुड प्लमांचं गोत समोर भिंतीपाशी ओळीने उभं राहिलं, पुढ्यात ढीग. माइक ऑर्विलकडे होता, तो विल्मरचा मामेभाऊ. गेली चाळीस वर्षं प्रत्येक समारंभात माइक त्याच्याकडे असायचा आणि तो कुणी काढून घेऊ शकत नसे. डेल्फीन त्याच्या कानात नाव सांगायची, ऑर्विल ते दोन थट्टा जोडून पुकारायचा, माणूस पुढे येऊन सगळ्यांशी हात मिळवून गोधडी घेऊन जायचा. लुएला आली, पाद्री आला, खड्डा खणणारे दोघं भाऊ आले.

बोहुमिल पाहुण्यांत होता, तिसऱ्या रांगेत, घडीच्या खुर्चीवर. दोन्ही पेट्या त्याने पायांशी ठेवल्या होत्या. वाटायला आणलेलं वाटायचं कधी, कुठे उभं राहून, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलं नव्हतं. मांडीवर हात ठेवून तो शाळेतल्या मुलासारखा ताठ बसला होता.

डेल्फीनने पिवळी-निळी उचलली. ऑर्विलने सवयीने कान पुढे केला. तिने त्याच्या कानात काही सांगितलं नाही. त्याच्या हातातून माइक काढून घेतला. हॉल एकदम चिडीचूप झाला, निम्मा डेल्फीन बोलणार म्हणून आणि निम्मा ऑर्विलने माइक सोडला म्हणून.

"ते तिसऱ्या रांगेत कोण बसलंय?" डेल्फीन म्हणाली. "मी वर्षभर राबतेय. बोटांना भोकं पडली माझी. आणि माझा दीर बघा, पाहुण्यांत बसून माझंच सूप तिसऱ्यांदा ओरपतोय, तेही खारट!"

कुणीतरी पुढच्या रांगेत हसू दाबलं. बोहुमिलने मागे वळून पाहिलं, कोणाचा दीर म्हणून.

"मागे काय बघताय, भावोजी? तुम्हालाच बोलतेय. तीस वर्षं नुसते बसून खाताय. ते पोट उचला आणि इकडे आणा, घरात काम पडलंय!"

हॉलभर माना वळल्या. बोहुमिल लालबुंद झाला. त्याचा हात छातीच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. भिंतीपाशी उभ्या रमोनाने ती वही वर करून त्याला दाखवली आणि परत पदराआड, म्हणजे शालीखाली, सारली. पोटाबद्दलचं उत्तर सोळा वर्षं तयार होतं, आणि आता त्याला त्यातलं एक अक्षर आठवेना. तो उठला, दोन्ही पेट्या ओढत घरच्यांच्या ओळीकडे आला. वाटेत एक पेटी खुर्चीत अडकली, ती सोडवताना आणखी दोन खुर्च्या पडल्या. कुणी मदतीला आलं नाही. घरच्या माणसाला कोण मदत करतं?

तो डेल्फीनच्या शेजारी येऊन उभा राहिला. ती हातातली गोधडी त्याला देणार असं वाटून त्याने नकळत हात पुढे केले, आणि त्याचा चेहरा उतरला; दिली तर तो पुन्हा पाहुणा. डेल्फीनने त्याच्या डोळ्यांदेखत टाचणी काढली. त्याच्या नावाची चिठ्ठी चुरगळून एप्रनच्या खिशात घातली. मग तिने हॉलभर नजर फिरवली.

दारात बर्फ पोचवायला आलेला ट्रकवाला उभा होता. सुपाचा कागदी वाडगा हातात, कुणाचा काय समारंभ आहे याचा त्याला पत्ता नव्हता.

"ते दारातले, बर्फवाले," डेल्फीन माइकवर म्हणाली. "या, पुढे या. ही तुमची."

ट्रकवाल्याने मागे पाहिलं, वाडगा कुठे ठेवावा ते न कळून तो पाद्र्याच्या हातात दिला आणि पुढे आला. त्याने सगळ्यांशी हात मिळवले, बोहुमिलशीही, आणि वर्षातली सगळ्यांत देखणी गोधडी काखेत मारून तो पुन्हा दारात जाऊन उभा राहिला. बोहुमिल ती जाताना बघत राहिला. आपली गोधडी परक्याच्या काखेत गेलेली बघून कुणाचे डोळे आनंदाने भरून आलेले त्या हॉलने आजवर पाहिले नव्हते. बोहुमिल रडत होता, आणि रडता रडता त्याने माइकसाठी हात पुढे केला.

"वहिनी," तो म्हणाला. पहिल्यांदा. "वहिनी, हे काय केलंत? एकतीस गोधड्यांत टाके सरळ असलेली ती एकच होती!"

डेल्फीनच्या टाक्यांना नावं, तिच्या तोंडावर, माइकवर! मग रमोना किंचाळली, ऑर्विलने ढोलावर थाप मारली, आणि डेल्फीन हसली. नाकातून हसली, मग खांदे हलवून, मग भिंतीचा आधार घेऊन, मागे एकदा फ्रीजमध्ये डोकं घालून हसली होती तशी. फक्त ह्या वेळी त्याच्या तोंडावर. वस्तीने वर्षभर तो आवाज ऐकला नव्हता. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघून माना डोलवू लागली.

त्यानंतर बोहुमिलच्या पेट्या रिकाम्या झाल्या. ऑर्विलने एकेक क्रमांक लिलावासारखा पुकारला. तांबडी-काळी गोधडी लुएलाच्या नव्या नातीला गेली आणि तिने तिच्यावर तिथल्या तिथे ओकून ती वापरात आणली. निळं टोपलं हॉलच्या स्वयंपाकघरातल्या बायकांनी घेतलं, लेबल न काढताच त्यात उरलेले पाव भरले. बोहुमिलला हुरूप चढला होता. घरून पांघरायला आणलेलं दुकानातलं ते साधं ब्लँकेट त्याने ट्रेलरमधून आणून दिलं, स्वतःची उशी दिली, शेवटी डोक्यावरची टोपीही दिली.

संध्याकाळी हॉल झाडताना टेकड्यांवरून गार वारा सुटला. बोहुमिल खुर्च्या रचत होता, डेल्फीन केर भरत होती.

"वहिनी," तो जरा घुटमळत म्हणाला, "ट्रेलरमध्ये पांघरायला काही मिळेल का?"

डेल्फीनने झाडू थांबवून त्याच्याकडे पाहिलं. घरात तिच्याकडेही आता एकच चादर उरली होती.

"घरच्या माणसाला काही मिळत नाही, भावोजी," ती म्हणाली. "कुडकुडा."

बोहुमिलचा हात सवयीने खिशाकडे गेला. वही अजून रमोनाकडेच होती, आणि ती मागावी असं त्याला वाटलं नाही. तो हसत पुढची खुर्ची उचलायला वळला.